याकूबची जागा

मकियाचे सगळे कागद बरोबर होते. जिवंतपणी जिच्या नावाचा एक कागद धड नव्हता, त्या बाईला मेल्यावर दोन दिवसांत पाच दाखले मिळाले. मेल्याचा, साथीच्या रोगाने मेली नसल्याचा, पेटी सीलबंद केल्याचा, वकिलातीच्या शिक्क्याचा आणि सरहद्द ओलांडायचा. तिच्या मुलाने, ओवेदने, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी सदऱ्याच्या आत पोटाशी धरली होती. सरहद्दीचा परवाना बहात्तर तासांचा होता. त्यातले वीस तास इराणातल्या मुहम्मराहून शलमचाच्या नाक्यावर येण्यातच गेले होते, आणि मोटारीने हा रस्ता अर्ध्या तासाचा आहे.

सकाळी सातलाच ऊन चावायला लागलं होतं. इराणकडची रुग्णवाहिका सरहद्दीच्या शून्य रेषेपर्यंत आली. तिथे पत्र्याची पेटी उतरवली आणि इराकमधून आलेल्या हनूनच्या गाडीच्या टपावर चढवून दोरांनी आवळली. हनून बसऱ्याचा. तीस वर्षं तो मैयती नजफला, हजरत अलींच्या दर्ग्याजवळच्या कबरस्तानात, पोचवत होता आणि तीस वर्षांत त्याचं तोंड बंद पडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मागे बसणाऱ्यांपेक्षा टपावरचे बरे, असं तो म्हणायचा; टपावरचे एसी वाढवायला सांगत नाहीत.

"अबू हदील," तो ओवेदला म्हणाला, "खिडकीशी गेल्यावर जे असेल ते सगळं दे. एक कागद जास्त झाला तर साहेब नुसता वैतागतो. एक कमी पडला तर म्हातारी परत."

अबू हदील म्हणजे हदीलचा बाप. हदील ही ओवेदची मुलगी, अहवाझच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिच्या नावाने हाक मारली की ओवेदला बरं वाटायचं. स्वतःच्या नावाचं त्याचं जरा अवघडच होतं.

घरी तो ओवेद होता. सरकारदरबारी याकूब. याकूब हा त्याचा थोरला भाऊ, दोन वर्षांचा होऊन तापाने गेला तेव्हा ओवेदचा जन्मही झाला नव्हता. बाप लफ्ता अरबी बोलणारा कोळी होता. पोर मेल्याची नोंद करायची म्हणजे शहरात कचेरीत जा, फारसी बोलणाऱ्या कारकुनासमोर उभा राहा, शिव्या खा. त्याने याकूबची जन्मवही, म्हणजे सरकारी ओळखवही, तशीच गोधडीखाली ठेवली, आणि दोन वर्षांनी ओवेद झाला तेव्हा तीच बाहेर काढली. वही तयार, नाव तयार, मग पुन्हा हेलपाटा कशाला? यात लफ्ताने काही जगावेगळं केलं नव्हतं. नदीकाठच्या त्या गावांत निम्मी माणसं आपल्या मेलेल्या भावाबहिणींच्या वह्यांवर जगत होती. कोणी कागदावर चार वर्षांनी म्हातारा, कोणी सहा. लोक त्यावर हसायचे. एक माणूस तर कागदाप्रमाणे आपल्या आईच्या लग्नाआधीच जन्मला होता.

ओवेदला हसू येत नव्हतं, कारण कागदावरची चार वर्षं त्याच्या अंगावर निघाली होती. इराकशी युद्ध सुरू झालं तेव्हा कागदावरचा याकूब अठरा वर्षांचा होता आणि ओवेद चौदाचा. भरतीची माणसं दारात आली, यादीतून "याकूब, लफ्ताचा मुलगा" असं वाचलं. मकिया पीठ मळत होती. तिने हातही धुतले नाहीत.

"याकूब नजफला आहे," ती म्हणाली. "तिथून घेऊन जा."

माणसं हसली. लफ्ताने पुढे होऊन सांगितलं की पोरगा जाणार म्हणून बाईचं डोकं फिरलंय, हाच याकूब, मिसरूड उशिरा फुटतंय एवढंच. खरं बोलावं तर खोट्या वहीपायी स्वतः तुरुंगात जायचं. बापाला भीती वाटली. ओवेद चौदाव्या वर्षी खंदकात गेला आणि डाव्या हाताची दोन बोटं तिथे ठेवून आला. पुढे त्या बोटांचं पेन्शन लागलं, याकूबच्या नावाने. घर मिळालं, याकूबच्या नावाने. सुहामशी निकाह लागला तोही याकूबचा. हदीलला कॉलेजात जागा मिळाली ती जखमी सैनिकाची मुलगी म्हणून. बापाचा राग ओवेदने आयुष्यभर केला, पण त्याच्या खोटेपणावर उभं राहिलेलं घर त्याने मोडलं नाही. कोण मोडेल?

मकियाने मात्र त्याला एकदाही याकूब म्हटलं नाही. दवाखान्यात, बँकेत, मास्तरांसमोर, कुठेच नाही. कोणी म्हटलं की ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, "हा ओवेद. याकूब थोरला." मग ओवेदला सारवासारव करत बसावं लागे. लहानपणी त्याला वाटायचं, आई आपलं नाव जपते. मोठा झाल्यावर त्याला कळलं की ती त्या दुसऱ्याचं नाव जपत होती, आणि हे कळल्याचं दुःख त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

ते पोर खरंच नजफला होतं. त्या काळी लफ्ताने बायकोच्या नाकातली नथ विकून मैयत होडीतून पलीकडे नेली आणि तिथून ट्रकने नजफला. मकियाला नदीच्या अलीकडेच बसावं लागलं, कारण तिच्या नावाची वहीच नव्हती. बापाने परत येऊन तिच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. नजफचे दफ्फान, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कबरी खणणारी घराणी, गावागावाच्या वह्या ठेवतात. कोणत्या गावचं कोण कुठे निजलंय ते त्यांनाच ठाऊक. त्या वहीची ती नक्कल होती. मकियाने ती हिरव्या कापडात शिवून गळ्यात घातली. कापड विरलं की ती नवं शिवायची, चिठ्ठी तीच. कबर पाहायला जायचं ती दरवर्षी म्हणायची. आधी वही नव्हती, मग युद्ध, मग गुडघे. शेवटच्या महिन्यात तिने ओवेदकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली.

"मला याकूबच्या शेजारी ठेव," ती म्हणाली. "त्याला अंधाराची भीती वाटायची."

"ठेवतो, आई."

"शेजारी म्हणजे शेजारी. नजफला कुठेतरी नव्हे."

आता कबरस्तानाच्या जुन्या भागात सहजी जागा देत नाहीत. घरातलं कोणी तिथे आधी पुरलेलं असेल तरच शेजारची माती उघडतात, आणि त्याचा पुरावा नाक्यावरच दाखवावा लागतो. म्हणून ओवेदने आईच्या गळ्यातलं हिरवं कापड उसवलं आणि चिठ्ठी बाकीच्या कागदांबरोबर ठेवली. त्याच्या लेखी तो कबरीचा कागद होता, आईचा दागिना होता. सरकारी कागदाशी त्याचा काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आपण तिचाच मुलगा आहोत हे दाखवायला त्याने पासपोर्टबरोबर जन्मवहीही दिली. सगळं दिलं, हनूनने सांगितलं होतं तसं.

खिडकीमागे कप्तान ग़ज़वान होता. पस्तिशीचा, डोळे झोपेने सुजलेले, समोर साखर न ढवळलेला चहा. बाहेर यात्रेकरूंच्या बसेसची रांग लागलेली. त्याने मकियाचे पाच दाखले पाहिले आणि मान हलवत बाजूला ठेवले. मग चिठ्ठी उलगडली, जन्मवही उघडली, आणि चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. दोन्ही कागद त्याने शेजारी ठेवले आणि ओवेदला आत बोलावून खुर्ची दिली. 

"हज्जी, वाचता येतं ना?" कप्तानने विचारलं. "हे वाचा."

ओवेदने वाचलं. बालक याकूब, बाप लफ्ता, आई मकिया, राहणार मुहम्मरा, वय दोन वर्षं. खाली फिकट शाईत एक आकडा. तो आकडा ओवेदने शंभरदा पाहिला असेल; दफ्फानाच्या हिशेबातला ओळीचा नंबर असेल असं तो समजत होता. लफ्ताने पोराची मैयत नदीपलीकडे काढलेल्या ज्या इराकी परवान्यावर आणली त्याच्यावर पोराच्या जन्मवहीचा नंबर होता, आणि दफ्फानाने तो इमानेइतबारे उतरवून घेतला होता. कप्तानने ओवेदच्या जन्मवहीवर बोट ठेवलं. तोच नंबर. तोच बाप, तीच आई.

"या नंबराचा माणूस पंचावन्न वर्षांपूर्वी इकडे आला," कप्तान म्हणाला. "पेटीतून आला. परत गेला नाही. मग तुम्ही कोण?"

 ओवेद म्हणाला की तो आपला भाऊ होता, दोघांचं नाव एकच ठेवलं होतं. नंबरही एकच ठेवला होता का, असं कप्तानने विचारलं. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, आणि त्यामुळे ओवेदला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने दुसरं काही रचायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडला.

कप्तानने दार लोटून घेतलं. त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. आपली आजीसुद्धा मेलेल्या बहिणीच्या कागदावर जगली, त्यामुळे काय झालंय ते आपल्याला समजलंय. पण समजून उपयोग नाही, कारण हे दोन कागद आता एकत्र नोंदले गेलेत आणि कारकुनाने ते पाहिलेत. रस्ते दोनच. कबरीत याकूब असेल, तर म्हातारीची जागा पक्की. ती आत्ता हनूनबरोबर जाईल, मुलाच्या शेजारी निजेल. पण मग ओवेदच्या हातातला पासपोर्ट मेलेल्या माणसाचा. तो जप्त होणार आणि ओवेदला लेखी कळवून पलीकडच्यांच्या स्वाधीन करावं लागणार. नाहीतर ओवेदच याकूब. तसं असेल तर चिठ्ठी चुकीची, त्या कबरीत कोण आहे ते कोणालाच माहीत नाही, आणि जुन्या भागातला हक्क गेला. म्हातारीला नव्या भागात मिळेल ती जागा.

"एका नावाची दोन माणसं मला आत घेता येत नाहीत," तो म्हणाला. "एक जमिनीखाली असला तरी. चहा घ्या, विचार करा. पण हज्जी, फार वेळ नका लावू. ऊन बघताय ना."

बाहेर हनूनने गाडी पत्र्याच्या सावलीत घेतली होती, तरी पेटीवर हात ठेववत नव्हता. ओवेदने त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच हनून काही न बोलता ऐकत राहिला, मग त्याने डबा उघडून खजूर पुढे केला. ओवेदने घेतला नाही.

"पलीकडे दिलं तर काय करतील तुला?" हनूनने विचारलं.

काय करतील ते ओवेदला नीट ठाऊक नव्हतं, आणि हेच भयंकर होतं. पेन्शन थांबेल हे नक्की. कदाचित तीस वर्षांचं परत मागतील. घर याकूबचं. निकाह याकूबशी, मग सुहाम कोणाची? हदील कोणाची मुलगी म्हणून कॉलेजात बसलीय? ओवेद नावाच्या माणसाची तर कुठे नोंदच नाही. तो जन्मलाच नाही, मग तो तुरुंगात तरी कोणत्या नावाने जाणार?

"मैयतीला काय कळतं, अबू हदील," हनून म्हणाला. "नवा भाग काय नि जुना काय, माती अलीचीच आहे. मी हजारो पोचवले. एकाने परत येऊन तक्रार केली नाही."

"तिने केली असती," ओवेद म्हणाला.

त्याने टपाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती सरहद्द ओलांडून आली होती, सगळे कागद बरोबर घेऊन, आणि आता तिच्या आड येत होता तो तिचा धाकटा. खरं बोलणं एवढंच काम होतं. तिने ते पीठ माखल्या हातांनी, बंदूकवाल्यांसमोर केलं होतं. ओवेदला वाटलं, आत जावं आणि म्हणावं, याकूब नजफला आहे. तीन शब्द. ते त्याच्या ओठांवर आलेही. मग त्याला हदीलची नवी दप्तराची पिशवी आठवली, त्यावर तिने चिकटवलेलं आपल्या बापाच्या नावाचं लेबल आठवलं, आणि त्याने ते शब्द गिळले. बापाला तेव्हा असंच झालं असेल, हे त्याला त्या पत्र्याखाली उभ्या उभ्या कळलं. चाळीस वर्षांचा राग विरघळायला याहून वाईट जागा सापडली नसती.

तो आत गेला.

"मीच याकूब," तो म्हणाला. "चिठ्ठी चुकीची आहे."

 कप्तानने एक कोरा कागद घेऊन तेच वाक्य लिहिलं आणि सही मागितली. ओवेदने याकूब अशी सही केली. हजार वेळा केलेली सही, हात सरावलेला होता, एकदाही थबकला नाही. कप्तानने चिठ्ठीवरच्या नावावर रेघ मारली, बाजूला "बालक, ओळख नाही" असं लिहून शिक्का उठवला. रेघ त्याने हळूच मारली, जणू कागदाला लागेल. पण मारली.

"ही परत मिळेल का?" ओवेदने विचारलं.

"नाही, हज्जी. फाइलला लागेल."

हिरव्या कापडाचा रिकामा तुकडा ओवेदच्या खिशात राहिला.

बसरा मागे पडलं, मग वाळू, मग पुन्हा वाळू. हनूनने दोनदा गाडी थांबवून दोर आवळले. बोलायचा प्रयत्न केला, एका मैयतीचा भाऊ वाटेत हरवल्याचा किस्सा सुरू केला, आणि ऐकणारा नाही हे पाहून सोडून दिला. ओवेद समोरच्या काचेतून पाहत होता. दर खड्ड्याला टपावर पेटी हलायची आणि तो मान वर करायचा. त्याने मनात आईची माफी मागायला सुरुवात केली होती, पण कोणत्या नावाने मागावी हेच त्याला सुचत नव्हतं.

दिवस कलता कलता नजफ आलं. हजरत अलींच्या दर्ग्याभोवती पेटीची प्रदक्षिणा झाली, नमाज झाली. निघताना हनूनने विचारलं की जुन्या भागावरून गाडी घेऊ का, चार पावलं चालून थोरल्याची कबर पाहता येईल, दफ्फान दाखवेल. ओवेद नको म्हणाला. आज सकाळी ज्याचं नाव खोडलं त्याच्यापुढे संध्याकाळी जाऊन उभं राहायचं तोंड त्याच्याकडे नव्हतं.

नवा भाग जुन्यापासून दोन कोस लांब. सपाट वाळू, आखलेल्या रांगा, मकियाच्या एका बाजूला कर्बलाचा कोणी कंत्राटदार, दुसऱ्या बाजूचा खड्डा अजून रिकामा. तरुण दफ्फानाने पेटीचं सील तोडलं. कफनातली म्हातारी इतकी हलकी होती की दोघांनी उचलल्यावर दोघेही चपापले.

तिकडची रीत अशी की पोटचा मुलगा कबरीत उतरतो, कफनाची गाठ सोडून मैयतीचा उजवा गाल मातीला टेकवतो. मग वर मुल्ला शिकवण म्हणतो, तेव्हा मुलाने तिचा खांदा धरून हलवायचा, म्हणजे कबरीत प्रश्न विचारणारे येतील तेव्हा ती जागी असेल. ओवेद उतरला. माती अजून गरम होती. त्याने गाठ सोडली, गाल टेकवला, आणि खिशातलं हिरवं कापड काढून गालाखाली सारलं. डाव्या हाताची तीन बोटं खांद्यावर ठेवली.

"हे मकिया, ऐक आणि समज," मुल्लाने वरून सुरुवात केली. तुझा देव कोण, तुझा पैगंबर कोण, तुझा इमाम कोण. ओवेद खांदा हलवत राहिला. त्याला एकच चिंता होती. ती डोळे उघडेल, आणि देवाच्या आधी ती शेजारी कोण आहे ते विचारेल.

मुल्ला थांबला. दफ्फानाने वर यायची खूण केली आणि हात पुढे केला. ओवेदने तो धरला नाही. तो गुडघ्यांवर वाकला, आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई," तो म्हणाला, "मी याकूब. तुझ्या शेजारीच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तो आईशी त्या नावाने बोलला होता. तो थोडा वेळ तसाच थांबला, सवयीने. पण या वेळी तिने दुरुस्त केलं नाही.